तिघे भाऊ, चौथा जावई

परवा मेहुणीचा फोन आला. बायकोला तिनं विचारलं, "भावजी कितें करता?" बायको म्हणाली, "दांत मेजता," म्हणजे दात मोजताहेत. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "कोणाचे?"

दात नव्हे, दाते. फणीला असतात, करवतीला असतात, तसे टपाल तिकिटाच्या कडेला असतात ते. निवृत्त झाल्यापासून चार वर्षं पावसाळ्यात माझा हाच धंदा आहे. बाहेर पाऊस, पडवीत टेबल, टेबलावर काळ्या कागदाचा तुकडा, चिमटा, भिंग आणि एखादं वेडंवाकडं तिकीट. गेल्या काही महिन्यांत तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "माझ्या नातिवोसचा पर्फ किती हे गेजवर लागतच नाही, तिकीट खोटं का?" नातिवोस ही पोर्तुगीज अमलातल्या गोव्याची पहिली तिकिटं, पर्फ म्हणजे दात्यांचं माप आणि गेज म्हणजे ते माप घ्यायची पट्टी. म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी साधी गोष्ट. पर्फ 14 म्हणजे तिकिटाच्या एका कडेला चौदा दाते असा अर्थ नव्हे. दोन सेंटिमीटर अंतरात चौदा. कड सतरा मिलिमीटरची असो की चाळीस, हिशेब दोन सेंटिमीटरचाच. आडव्या आणि उभ्या कडेचा आकडा वेगळा असेल तर आडवीचा आधी लिहायचा. पोर्तुगीज इंडियाच्या, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या गोव्याच्या, सेरेस देवीच्या तिकिटांचं उदाहरण घ्या. 1914 च्या सुमाराची 15×14 आहेत आणि नंतरच्या छपाईची 12×11½. चित्र तेच, देवी तीच, हातातलं कणीसही तेच. फरक कळतो तो कडेवरून.

ही दोन सेंटिमीटरची रीत पॅरिसच्या डॉ. लग्रां यांनी 1866 मध्ये घालून दिली. त्यांच्या मोजपट्टीचं नाव ओडोन्टोमीटर, म्हणजे शब्दशः दंतमापक. त्यामुळे बायको चेष्टा करते तेव्हा मी सांगतो, की यात चुकीचं काही नाही, मूळ नावच तसं आहे. त्याआधी हेन्री आर्चर नावाच्या आयरिश माणसानं 1847 पासून छिद्रं पाडायच्या यंत्राची खटपट केली आणि 1854 मध्ये ब्रिटनची तिकिटं दातेरी झाली. आपल्याकडे ब्रिटिश हिंदुस्थानात 1854 चं अर्ध्या आण्याचं तिकीट कात्रीनंच कापावं लागे. लगेच पुढच्या वर्षी लंडनच्या डे ला रू कंपनीनं छापलेली चार आणे, आठ आणे आली, ती व्यवस्थित 14 पर्फची.

व्यवस्थित. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आमच्या गोव्याच्या तिकिटांत तो लागू होत नाही.

पोर्तुगीज इंडियाची पहिली तिकिटं 1 ऑक्टोबर 1871 रोजी निघाली. ती लिस्बनहून बोटीनं आलेली नव्हती. इथेच छापली, इथेच टोचली. म्हणून त्यांना नातिवोस म्हणतात, म्हणजे इथली, देशी. मधोमध मोठा आकडा, ना राजा ना मुकुट. 10, 20, 40, 100, 200, 300, 600 आणि 900 रेइस अशा आठ किमती. सुरुवातीचा कागद इतका पातळ आणि ठिसूळ की चिमट्यानं उचलतानाही श्वास रोखावा लागतो. 1877 पासून लिस्बनच्या टांकसाळीतली मुकुटाची तिकिटं आली, त्यांचे दाते 12½ किंवा 13½. कॅटलॉगात त्यांच्यापुढे असा नीट आकडा आहे. नातिवोसपुढे लिहिलंय, 13 ते 18.

13 ते 18! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक असेल. पर्फ 13 मध्ये शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांत 1.54 मिलिमीटर अंतर असतं, 18 मध्ये 1.11. इतका फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. हे म्हणजे सात-बाराच्या उताऱ्यावर 'क्षेत्रफळ: एक ते दीड हेक्टर' असं लिहिल्यासारखं झालं.

पण मग मला माझंच काम आठवलं. तीस वर्षं मी जमिनी मोजल्या. डिचोली, सत्तरी, थोडं सांगे. कुळागराची हद्द ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. पोफळींच्या ओळी, मधून पाट, ओहोळ जाईल तसा बांध, आणि आजोबांनी लावलेल्या आंब्याला वळसा घालून गेलेला शेजाऱ्याचा गडगा. अशी हद्द 'लांबी इतकी' म्हणून एका आकड्यात कुणी लिहिली तर कोर्टात दुसऱ्या दिवशी उभं राहावं लागेल. आम्ही काय करायचो? साखळी सरळ ओढायची, आणि हद्द जिथे जिथे आत-बाहेर जाते तिथे काटकोनात ऑफसेट, म्हणजे साखळीपासून हद्दीपर्यंतचं अंतर, घ्यायचा. तुकड्या-तुकड्यानं. नकाशा त्या तुकड्यांतून तयार होतो.

तिकिटाच्या वाकड्या कडेलाही हेच करायचं. गेज एकच प्रश्न विचारतं, 'तुझा आकडा किती?' आणि नातिवोसच्या कडेला एक आकडा नसतोच.

का नसतो, ते यंत्राकडे पाहिलं की समजतं. छिद्रं पाडायच्या ठळक रीती तीन. एकीत एका वेळी एकच सरळ ओळ टोचली जाते. सगळ्या आडव्या ओळी आधी, मग कागद फिरवून उभ्या. दुसरीत फणीसारखी पट्टी असते, एका दणक्यात एका रांगेतल्या प्रत्येक तिकिटाच्या तीन बाजू होतात. तिसरीत अख्खा ताव एकदम. फणीच्या यंत्रातल्या तिकिटाचे चारी कोपरे सारखे येतात. एकेक ओळ टोचणाऱ्या यंत्रात आडवी आणि उभी ओळ कोपऱ्यात जिथे भेटतील तिथे भेटतात. कधी कोपऱ्याला जाडजूड दाता, कधी काहीच नाही, कधी दोन छिद्रं एकमेकांत घुसलेली. तिकिटं सुटी असतील तर आधी कोपरे पाहा, मग गेज काढा.

नातिवोस अशा एकेक ओळवाल्या, हातानं चालवायच्या ओबडधोबड कामाची. पिना समान अंतरावर बसवलेल्या नसल्या, एखादी वाकली, एखादी मोडली, की तीच चूक प्रत्येक ओळीत उमटते. दोन-चार ताव एकावर एक ठेवून दणका दिला तर खालच्या तावावर छिद्र अर्धवटच पडतं, कागदाची टिकली लोंबकळत राहते. आई शिवणकाम करायची तेव्हा कापडावर खुणा उमटवायची दातेरी चक्री वापरायची. ती कागदावर फिरवली तर टोचे पडतात, पण कागद निघून जात नाही. तीही तिकिटं सुटी करायची एक रीत आहे, पण ते छिद्रण नव्हे. त्याची कड फाटल्यासारखी दिसते, तिला गोल खळगे नसतात. नवशिके या दोहोंत घोळ घालतात.

आता माझी पद्धत. गेज मी फक्त अंदाजासाठी वापरतो. तिकीट काळ्या कागदावर ठेवून इंचाला 1200 ठिपके या मापानं स्कॅन करायचं. म्हणजे दोन सेंटिमीटरला 945 ठिपके होतात. पडद्यावर प्रत्येक छिद्राच्या मध्यावर खूण करायची आणि शेजारच्या दोन खुणांमधलं अंतर ओळीनं वहीत उतरवायचं. मग पहिल्या ते शेवटच्या छिद्रापर्यंत जितक्या जागा, त्यांना वीसनं गुणायचं आणि मिलिमीटरमधल्या अंतरानं भागायचं. पण एवढ्यावर थांबायचं नाही. कड दोन-तीन तुकड्यांत मोडून तोच हिशेब पुन्हा करायचा.

माझ्याकडच्या एका वीस रेइसच्या उजव्या कडेचं उदाहरण देतो. पहिल्या ते शेवटच्या छिद्रापर्यंत 20.5 मिलिमीटर, जागा 16. आकडा येतो 15.6. वरच्या अर्ध्यात 8 जागा 11 मिलिमीटरमध्ये, म्हणजे 14.5. खालच्या अर्ध्यात 8 जागा 9.5 मिलिमीटरमध्ये, म्हणजे 16.8. एकाच कडेवर! गेजवर ठेवलं तर वरचे दाते 14½ च्या ओळीवर बसतात आणि खाली उतरता उतरता एकेक करून घसरायला लागतात. ज्यांनी मला विचारलं त्यांचं असंच झालं असणार.

यात एक वादाचा मुद्दा आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. या कडेवर वरून पाचवा दाता दुप्पट रुंद आहे, 2.7 मिलिमीटर. तिथली पिन मोडली होती. मी ती पिन आहे असं धरून 16 जागा मोजल्या. म्हापशाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत, पोर्तुगीज काळात शाळेत शिकवायचे, त्यांना सगळे अजून प्रोफेसोर म्हणतात. त्यांचं म्हणणं, जे छिद्र पडलंच नाही ते मोजायचं कसं? त्यांच्या हिशेबानं जागा 15 आणि आकडा 14.6. एका मोडक्या पिनेनं अख्खा एक दाता कमी. मी म्हणतो, आपण यंत्र ओळखायला निघालोय, कागद नव्हे. ते म्हणतात, "यंत्र तुमच्या हातांत आसा?" नाही. कागदच आहे. तेव्हापासून मी वहीत दोन्ही आकडे लिहितो, आणि रुंद दाता कितवा तेही. तो कितवा हेच खरं कामाचं, कारण प्रोफेसोरांच्या एका चाळीस रेइसवर तसाच रुंद दाता आहे आणि त्याच्या वरच्या-खालच्या जागांची अंतरंही जवळजवळ तीच. एकाच पट्टीखालून गेलेली असतील. नसतीलही, दोन तिकिटांवरून मी सही करणार नाही.

प्रोफेसोरांकडूनच मला 'देंतेआदु' हा पोर्तुगीज शब्द मिळाला. त्यांच्या जुन्या कॅटलॉगात पर्फच्या जागी तोच असतो. दातेरी. आपला शब्द आणि त्यांचा शब्द एकच निघाला याचं मला उगाच बरं वाटलं.

गेजबद्दल एक सावधगिरीची सूचना. सुरुवातीला मी एक गेज इंटरनेटवरून उतरवून घरीच छापलं होतं. आठवडाभर सगळी तिकिटं खोटी ठरायला लागली. शेवटी 1948 चं गांधीजींचं दीड आण्याचं तिकीट काढलं. ते स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्याचं, पर्फ 11½, अगदी घड्याळासारखं. माझ्या गेजवर ते 11.2 दाखवू लागलं. गांधीजी खोटे नव्हते, प्रिंटरनं पान कागदात बसवायला तीन टक्क्यांनी आकसलं होतं. सर्व्हेत आम्ही रोज सकाळी साखळी तपासायचो आणि इथे मी पट्टी न तपासता मोजायला बसलो! आता कुठलंही गेज हातात आलं की आधी त्याला गांधीजींसमोर उभं करतो.

हवामानाचंही थोडं बघावं लागतं. आमच्याकडे जुलैत कागद दमट होऊन किंचित फुगतो, गोंद असलेलं तिकीट तर गुंडाळी होतं. मी तिकिटं ठेवतो त्या कपाटात चार महिने झीरोचा बल्ब जळत असतो. बायकोच्या रेशमी साड्याही त्याच कपाटात आल्या आहेत, म्हणून बल्बबद्दल तक्रार नाही.

आता जावयाची गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी गोव्याबाहेरच्या एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून मी नातिवोसचं एक तिकीट अडीच हजाराला घेतलं. भुललो ते त्याच्या देखणेपणाला. माझ्याकडची सगळी कुरतडलेली, हे मात्र कसं ताठ! घरी आणून स्कॅन केलं. वरची कड 14 ते 15 च्या मध्ये कुठेतरी, डावी 15 च्या पुढे-मागे, खालची 14 च्या आसपास, सगळ्या तुकड्या-तुकड्यानं बदलणाऱ्या. उजवी कड: 13½. वरचा तुकडा 13½, मधला 13½, खालचा 13½. मला तर आनंदच झाला, की चला, एक तरी कड नीट मोजता आली.

प्रोफेसोरांकडे घेऊन गेलो. त्यांनी भिंग लावलं, तिकीट चार वेळा फिरवलं आणि म्हणाले, "तिगय भाव, चवथो जांवय."

मग त्यांनी दाखवलं. खरी तिकिटं तावातून फाडून सुटी करतात, त्यामुळे दात्याच्या टोकाला कागदाचे तंतू सुटलेले असतात. उजव्या कडेचे सगळे दाते शेंड्याला सपाट, एका रेषेत, कात्रीनं कापल्यासारखे. आधी सरळ कड होती, ती किंचित छाटली आणि मग आतून छिद्रं पाडली. शिवाय बाकीच्या तीन बाजूंच्या छिद्रांच्या काठाला दीडशे वर्षांचा पिवळेपणा आहे, आणि या बाजूच्या छिद्रांत कागद पांढराफटक. बहुधा तावाच्या काठाचं, एका बाजूला दातेच नसलेलं तिकीट असावं. त्याला कुणीतरी 'बरं' केलं. छाटल्यामुळे ते इतरांपेक्षा अर्धा मिलिमीटर अरुंदही होतं. मी चारही कडा मोजल्या होत्या, पण रुंदी मोजली नव्हती.

विक्रेत्याला फोन केला तर विकलेला माल परत घेत नाही म्हणाला. तिकीट माझ्याकडेच आहे. अल्बममध्ये त्याला वेगळं पान दिलंय आणि वर लिहिलंय, जावई. नवीन कुणी शिकायला आलं की आधी तेच दाखवतो.

इथे एक घाई करू नका. 13½ दिसलं की खोटं, असा नियम मी सांगत नाहीये. मुकुटाच्या तिकिटांत 13½ खरंही असतं. पण त्या तिकिटांची पुढे फेरछपाई झाली तिचेही दाते 13½ च, फक्त जास्त स्वच्छ कापलेले, आणि कागद वेगळा. आकडा, कापाची धार, कागद, गोंद, चौघांची साक्ष जुळली तर बोलायचं. एकट्या आकड्यावर मी आता कुणाला फाशीही देत नाही आणि सोडतही नाही.

आणि दाते नको तिथे दिसले तरी टाकून देऊ नका, ही आमच्या घरची दुखरी आठवण. माझी आई फार व्यवस्थित बाई. काकांच्या जुन्या पत्रांच्या पेटीत काही अर्धी तिकिटं होती. चवथीच्या साफसफाईत 'फाटकी' म्हणून तिनं ती केरात टाकली. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. पण एक गोष्ट डोळ्यांसमोर राहिली, फाटक्या बाजूलाही बारीक दाते होते. पुढे कितीतरी वर्षांनी कॅटलॉगात वाचलं, की पोर्तुगालमध्ये 1910 साली राजा गेला, गणराज्य आलं, आणि 1911 च्या सुमारास इथल्या जुन्या तिकिटांना मधोमध छिद्रं पाडून प्रत्येक अर्ध्यावर नवी किंमत छापली. एकाची दोन केली. आईला हे सांगितलं तेव्हा ती सत्तरीत होती. म्हणाली, "मग त्यांनी नीट अख्खी छापायची होती."

शेवटी, वर ज्याची उजवी कड मोजून दाखवली त्या वीस रेइसबद्दल. ते विकत घेतलेलं नाही. गेल्या वर्षी चवथीआधी माळा साफ करताना पणजोबांच्या वडिलांची खातेवही सापडली. सुपारीचा हिशेब, सगळा मोडीत. एका पानावर कोपऱ्यात हे तिकीट चिकटवलेलं आहे, बहुधा पेजेच्या खळीनं. का चिकटवलं ते पानावर लिहिलेलं नाही. शेजारी फक्त कुणाच्या तरी नावे सव्वा खंडी सुपारी आहे.

तीन कडा मोजून झाल्या. वरची 14.2, उजवी वर सांगितली ती, खालची 13.8. डावी कड मात्र खळीत बुडालेली आहे. वरचे चार आणि खालचे तीन दाते दिसतात, मधले नाहीत. तिकीट पाण्यात सोडलं तर दहा मिनिटांत सुटेल, पण मोडीची शाई पहिल्या मिनिटातच पसरेल. भाच्यानं सुचवलं की पान मागून उजेडाला धरून स्कॅन कर, छिद्रं उजळ दिसतील. करून पाहिलं. पावसाळी दमट कागद, नुसता ढग दिसतो. वही कपाटात ठेवली आहे, साड्यांच्या वरच्या खणात, बल्बच्या जवळ. दसऱ्यानंतर ऊन पडलं की पुन्हा बघू.